फोमच्या फळ्यांची न्हाणी : भिंत हलकी, सांधे भक्कम

घराच्या कोणत्या भागाबद्दल सर्वाधिक तक्रारी येतात, असे एखाद्या अनुभवी गवंड्याला विचारले तर तो न्हाणीघराचेच नाव घेईल. शहरातील सदनिकेत वरच्या मजल्यावरचे पाणी खालच्या घराच्या छतावर डाग उमटवते आणि शेजाऱ्यांत वितुष्ट येते. गावाकडच्या मातीच्या घरात तेच पाणी भिंतीच्या पायात मुरते आणि घरच कमकुवत करते. दोन्ही ठिकाणी दोष बहुधा विटेचा किंवा टाइलचा नसतो. पाणी भिंतीतून क्वचितच जाते. ते सांध्यातून, कोपऱ्यातून आणि नळासाठी पाडलेल्या भोकातून जाते. न्हाणीघराच्या कोणत्याही नव्या पद्धतीचा विचार हे सूत्र धरूनच करायला हवा.

अशीच एक पद्धत म्हणजे इपॉक्सीचा लेप दिलेल्या फोमच्या फळ्यांच्या भिंती. हलक्या फोमच्या फळीवर काचतंतूंचे कापड अंथरायचे, ते इपॉक्सी राळेने भिजवून वाळू द्यायचे आणि तयार झालेला टणक, जलरोधक फलक न्हाणीघराच्या भिंतीला बसवायचा, असे या कामाचे थोडक्यात स्वरूप आहे. लहान नौका बांधणारे कारागीर आणि मोटारीवरील फिरती घरे तयार करणारे हौशी लोक ही रीत परदेशात वापरत आले आहेत. आपल्याकडे ती फारशी रुळलेली नाही. मात्र तिला लागणारे साहित्य आपल्या शहरांतील बाजारात मिळते.

गरज कोठे आहे?

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाताना पूर्णा नदीकाठी केदारखेडा हे गाव लागते. मराठवाड्याच्या या पट्ट्यात न्हाणीघर बांधणाऱ्यापुढे तीन अडचणी असतात. पहिली जमिनीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जुन्या घराला लागून उथळ पायावर विटांची न्हाणी बांधली, की दोन-तीन वर्षांत ती मूळ भिंतीपासून सुटू लागते आणि सांध्यात फट पडते. दुसरी अडचण जुन्या घरांची. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद अशी धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड राहतात, पण भिंतीच्या पायाला सततची ओल सोसत नाही. तिसरी अडचण हवामानाची. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि या चढउताराने सिमेंटच्या गिलाव्याला बारीक तडे जातात.

या सर्वांपलीकडे प्रश्न सोयीचा आणि लज्जारक्षणाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडेच घराच्या आवारात छप्पर असलेले न्हाणीघर होते. आणखी सुमारे १६ टक्के कुटुंबांकडे छप्पर नसलेला नुसता आडोसा होता. उरलेल्यांकडे तेवढेही नव्हते. ज्या घरात न्हाणी म्हणजे दगडी फरशी आणि साडीचा पडदा असतो, तेथील स्त्रियांना उजाडण्यापूर्वी आंघोळ उरकावी लागते. शहरात स्थिरावलेल्या अनेक वाचकांचे आईवडील आजही गावच्या जुन्या घरात राहतात. त्यांच्यासाठी घराला धक्का न लावता बंदिस्त न्हाणी कशी करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा असतो. हलक्या फलकांची पद्धत अशा ठिकाणी विचारात घेण्याजोगी आहे.

फोम कोणता घ्यावा?

बाजारात ‘फोम’ या एकाच नावाखाली निरनिराळे पदार्थ मिळतात. सर्वांच्या परिचयाचा थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवून केलेली फळी. ती स्वस्त असते. परंतु मण्यांमधल्या सूक्ष्म जागेतून पाणी हळूहळू आत शिरते आणि फळी कोपऱ्यावर चटकन तुटते. त्याच पॉलिस्टायरीनचा दुसरा प्रकार साच्यातून दाबून काढलेला असतो. त्याला व्यवहारात एक्सपीएस म्हणतात. त्यातील हवेचे कप्पे बंद असल्यामुळे तो पाणी फारच कमी शोषतो. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगीत फळ्या बहुधा याच असतात. न्हाणीघरासाठी एक इंच जाडीची एक्सपीएस फळी योग्य होय. फर्निचरवाल्यांकडे मिळणारी पीव्हीसीची फोम शीट ही तिसरी वस्तू. ती स्वतःच पाण्याला दाद देत नाही, पण अधिक जड व महाग असते.

वजनाचा फरक लक्षणीय आहे. एक घनमीटर एक्सपीएसचे वजन सुमारे ३० ते ३५ किलो भरते. तेवढ्याच विटांच्या बांधकामाचे वजन जवळजवळ १,९०० किलो असते. उष्णता अडवण्याच्या बाबतीत एक इंचाची फळी साधारण दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करते.

पॉलिस्टायरीनचे दोन दोष मात्र विसरता कामा नयेत. सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडते आणि पेटल्यास काळा, घातक धूर ओकत जळते. शिवाय पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांत ते विरघळते. अनेक डबाबंद चिकटद्रव्यांत असेच द्रावक असतात. ते लावले तर फळी पाहता पाहता आत खचते.

इपॉक्सीच का?

पत्र्याऐवजी वापरली जाणारी फायबरची छपरे आणि टाक्या बहुधा पॉलिस्टर राळेच्या असतात. ही राळ इपॉक्सीपेक्षा स्वस्त असल्यामुळे तीच फोमवर लावण्याचा मोह होतो. मात्र तिच्यात स्टायरीन हा द्रावक असतो आणि तो पॉलिस्टायरीनची फळी खाऊन टाकतो. इपॉक्सीत तो नसल्यामुळे फळी सुरक्षित राहते. खरेदी करताना डब्यावरील नाव वाचून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इपॉक्सीचा शोध १९३० ते १९५० च्या दरम्यानचा. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे त्यावर काम केले. १९४६ मध्ये सीबा या स्विस कंपनीने ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने ते बाजारात आणले. दोन नळ्यांतील द्रव एकत्र करून फुटलेली वस्तू चिकटवण्याचा प्रयोग बहुतेक मध्यमवर्गीय घरांत झालेला असतो. न्हाणीघराच्या फलकासाठी लागणारी राळ त्याच कुळातील, परंतु अधिक पातळ असते. तिचा एक भाग राळेचा आणि दुसरा हार्डनरचा असतो. दोन्ही भाग ठरलेल्या प्रमाणात एकत्र आले, की त्यांची रासायनिक जोडणी होऊन टणक पदार्थ बनतो. हे वाळणे नव्हे. त्यामुळे हार्डनर जास्त घातला तर काम लवकर होईल, हा समज चुकीचा आहे. प्रमाण बिघडले तर लेप कायमचा चिकट राहतो आणि खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

नुसता इपॉक्सीचा लेप कडक असला तरी आघाताने तडकतो. त्याला चिवटपणा येतो तो काचतंतूंच्या कापडाने. ही युक्ती आपल्या भागाला नवीन नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. मातीच्या भिंतीत भुसा किंवा गवत कालवणारा गवंडीही तेच करत असतो. बांधून ठेवणारा पदार्थ दाब सोसतो आणि तंतू ताण सोसतात.

फलक तयार करण्याची रीत

हे काम भिंतीवर उभ्याने न करता सपाट टेबलावर आडवे करावे. उभ्या पृष्ठावर राळ ओघळते आणि कापडात हवेचे फुगे राहतात.

प्रथम फळ्या मापाने कापाव्यात. पातळ, धारदार पात्याने काप स्वच्छ येतो. दोन फळ्या जोडायच्या असतील तर कडांना घट्ट केलेली इपॉक्सी लावून त्या एकमेकींना भिडवाव्यात. राळेत सिलिकाची बारीक भुकटी मिसळली की ती लोण्यासारखी घट्ट होते. एक्सपीएसचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावर लेप नीट धरत नाही. म्हणून पॉलिश पेपरने तो खरखरीत करून धूळ पूर्ण पुसावी. पाठोपाठ पातळ लांबीचा हात देऊन बारीक छिद्रे बुजवावीत.

त्यानंतर दर चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचे काचतंतूंचे कापड अंथरून त्यावर राळ ओतावी आणि रबरी पट्टीने पसरवावी. पांढरे कापड पारदर्शक झाले म्हणजे ते पूर्ण भिजले. जेथे पांढरे ठिपके दिसतात तेथे हवा अडकलेली असते. कापड कडेवरून मागे वळवून घ्यावे, कारण उघडी राहिलेली कड हाच फलकाचा सर्वांत दुबळा भाग. उंदीर आणि वाळवी फोम खाऊन जगत नाहीत. पण उघडी कड सापडली तर त्यात बिळे पाडतात. पहिला थर हाताला चिकटेनासा होण्यापूर्वी दुसरा हात दिला, तर दोन्ही थर एकजीव होतात. एकच बाजू लेपली तर फलक वाकण्याचा संभव असतो, म्हणून मागील बाजूसही पातळ लेप द्यावा. जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत कापडाचा एक थर जास्त द्यावा. बादली आणि पाट यांचे धक्के तेथेच बसतात.

जालना परिसरातील हवामानात वेळेचे भान राखणे आवश्यक आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की राळ वापरण्याजोगी राहण्याचा अवधी साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे काम करावे आणि एका वेळी थोडीच राळ कालवावी. डब्यात साठून राहिलेली राळ आपल्याच उष्णतेने तापते, प्रसंगी धुमसते. पावसाळ्यात उलट अडचण येते. दमट हवेत काही हार्डनरमुळे लेपावर मेणचट थर जमतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्यावा.

बसवताना घ्यावयाची काळजी

फलक कशावर बसवायचा, हे भिंतीवर अवलंबून असते. विटांच्या सिमेंट गिलाव्यावर तो द्रावकविरहित चिकटद्रव्याने थेट चिकटवता येतो. मातीच्या भिंतीवर मात्र असे करू नये. मातीचा पापुद्रा फलकाचे ओझे धरत नाही, शिवाय भिंतीला श्वास घेण्यास जागा उरत नाही. अशा घरात भिंतीपासून दोन इंच अंतर सोडून अ‍ॅल्युमिनियमची किंवा गंजरोधक पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी करावी आणि फलक तिला जोडावेत. मागच्या पोकळीला वर आणि खाली जाळीची झरोके ठेवावीत. त्यामुळे भिंतीत आलेली ओल सुकून जाते. न्हाणीचा भार जुन्या भिंतीवर येत नाही आणि जमीन हलली तरी चौकट स्वतंत्रपणे उभी राहते.

सर्वांत कसोटीची जागा म्हणजे जमीन आणि भिंत यांचा सांधा. आपल्याकडे शॉवरखाली उभे राहण्यापेक्षा पाटावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करण्याची रीत अधिक आहे. त्यामुळे पाण्याचा मारा खालच्या तीन फुटांवर होतो. जमिनीचा जलरोधक थर भिंतीवर किमान सहा इंच चढवावा, कोपऱ्यात गोलाकार वाटा मारावा आणि भिंतीचा फलक त्या थराच्या पुढच्या बाजूने खाली आणावा. कौलारू छपरात वरचे कौल खालच्यावर येते, तोच हा नियम. फलकाची खालची कड जमिनीला टेकवू नये. अर्धा इंच अंतर ठेवावे, म्हणजे कड पाण्यात उभी राहत नाही. जमिनीचा उतार पाणी जाण्याच्या जाळीकडे दर चार फुटांना एक इंच इतका असावा.

फलकांचे आपसांतील उभे सांधे आतून काचतंतूंच्या पट्टीने आणि इपॉक्सीने बंद करावेत. मात्र जेथे फलक जुन्या भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला भिडतो, तेथे कडक इपॉक्सी निरुपयोगी ठरते. दोन वेगळे पदार्थ उष्णतेने कमीअधिक सरकतात आणि कडक सांधा तडकतो. अशा ठिकाणी लवचीक सिलिकॉन भरावे आणि दोन-तीन वर्षांनी ते तपासून बदलावे.

नळाचे भोक पाडताना ते हव्या त्या मापापेक्षा मोठे पाडून घट्ट इपॉक्सीने भरावे आणि ती कडक झाल्यावर मधोमध योग्य मापाचे भोक पाडावे. असे केल्याने फोम कोठेही उघडा राहत नाही. वृद्धांसाठी हाताची दांडी लावायची असल्यास त्या जागी लाकडी ठोकळा फलकातच आधी बसवून घ्यावा. नुसत्या फोमवर स्क्रू धरत नाही, आणि तोल जाताना निखळलेली दांडी ही नसलेल्या दांडीपेक्षा घातक असते. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पंधरा किलो पाणीच असते. त्याचे ओझे चौकटीवर किंवा पक्क्या भिंतीवरच द्यावे.

आग, वायू आणि त्वचा

गावाकडे आंघोळीचे पाणी अनेक घरांत अजूनही चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात तापते. पेटता बंब फोमच्या फलकाजवळ कदापि ठेवू नये. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सीही साधारण ५० ते ६० अंशांपासून नरम पडू लागते, म्हणून उकळते पाणी भिंतीवर उडू देऊ नये. ते बादलीत आधी विसणावे.

गॅस गिझरचा धोका याहून मोठा आहे. फलकांची न्हाणी विटांच्या न्हाणीपेक्षा अधिक बंदिस्त होते आणि हवा खेळती नसेल तर गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. त्याला रंग नाही, वास नाही. असा गिझर न्हाणीघराबाहेरच लावावा आणि आत वरच्या बाजूस कायम उघडी राहणारी जाळी ठेवावी.

इपॉक्सी हाताळणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. हार्डनरचा वारंवार स्पर्श झाल्यास कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते आणि मग त्या कारागिराला हे काम सोडावे लागते. हात द्रावकाने न धुता साबण-पाण्याने धुवावेत. कडक झालेला लेप घासताना तोंडावर मास्क असावा. काचतंतूंची धूळ श्वासाला बाधते. पूर्ण घट्ट झालेला लेप मात्र आंघोळीच्या वापरास निर्धोक असतो. त्यासाठी सुमारे सात दिवस थांबावे.

हिशेब आणि तपासणी

चार फूट लांब आणि चार फूट रुंद न्हाणीच्या तीन भिंती सात फूट उंचीपर्यंत करावयाच्या झाल्यास क्षेत्रफळ ८४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ७.८ चौरस मीटर होते. चार फूट बाय दोन फुटांच्या साडेदहा फळ्या लागतात. तुटफूट धरून बारा घ्याव्यात. दर्शनी बाजूस चौरस मीटरला सुमारे ७०० ग्रॅम आणि मागील बाजूस ५०० ग्रॅम राळ धरली, तर साडेनऊ किलो होतात. सांधे आणि वाया जाणारी राळ मिळून बारा किलोची तजवीज करावी. तयार फलकांचे एकूण वजन वीस किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच चार इंची विटांच्या भिंती जवळजवळ दीड टन भरल्या असत्या. मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जड भिंती आणि जड छपरांची किंमत मोजली आहे. जुन्या घराला नवे ओझे न जोडणे, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

खर्चात सर्वांत मोठा वाटा इपॉक्सीचा असतो. पक्का पाया आणि विटांच्या भिंती जेथे आधीच आहेत, तेथे चांगला जलरोधक थर आणि त्यावर टाइल हाच पर्याय बहुधा स्वस्त पडतो. उघड्यावरच्या न्हाणीत बाहेरील बाजूला उन्हापासून वाचवणारा रंग अवश्य द्यावा, अन्यथा इपॉक्सी पिवळी पडून तिची भुकटी होऊ लागते.

काम संपल्यावर तपासणीविना वापर सुरू करू नये. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि चोवीस तास थांबावे. भिंतींच्या प्रत्येक सांध्यावर पाण्याचा फवारा मारून मागच्या बाजूस कोरडा कागद लावून पाहावा. कागद ओला झाला तर दोष लगेच कळतो आणि त्या वेळी तो दुरुस्तही करता येतो. न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत न सोडता दूर शोषखड्ड्यात न्यावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही कमी करता येतात हे दाखवून दिले आहे.

कारागिराला काम देताना फळीची जाडी आणि राळेचे नाव यांची चौकशी सगळेच करतात. त्याच्या जोडीला कोपरा कसा करणार, खालची कड कोठे थांबणार आणि नळाचे भोक कसे बुजवणार, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तरच फळ्या कापू द्याव्यात.